आधी स्वच्छ, मग गढूळ

"फुगा आहे," चंदना म्हणाली.

मी सिरिंज खिडकीच्या उजेडात धरली. मला काही दिसेना.

"तिथं, वरच्या बाजूला. बारीक आहे. टिचकी मार."

मी टिचकी मारली. फुगा जागचा हलला नाही, माझा हातच हलला आणि सुईच्या टोकातून एक थेंब फरशीवर पडला.

"एवढ्या जोरात नाही रे मामा. अशी." तिनं माझ्या मनगटावर हलकी टिचकी मारून दाखवली.

मी तशी मारली, तसा फुगा वर सरकला. मग ती गुडघ्यांवर उभी राहिली, एक डोळा बारीक केला आणि सोनारानं तराजू बघावा तशी सिरिंजवरच्या काळ्या रेघा बघायला लागली. "एक रेघ जास्त झालीय. खाली आण. अजून. बस्स."

ती तेव्हा सात वर्षांची होती. दुसरीत होती. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे 'बस्स' म्हणताना शीळ वाजायची. आणि मी अडतीस वर्षांचा बाप्या, वीस वर्षं गुऱ्हाळावर उकळत्या काहिलीपुढं काढलेला. दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग. पण ती अर्ध्या करंगळीएवढी सुई हातात धरली आणि माझ्या तळव्यांना पाणी सुटलं.

"आज मंगळवार," ती म्हणाली. "मंगळवारी डावी मांडी." तिनं फ्रॉक बाजूला केला, मांडीची कातडी स्वतःच दोन बोटांच्या चिमटीत धरली. "मी धरते, तू टोच."

"दुखतं का गं?"

"थोडं. पण तू असा विचारत बसलास की जास्त दुखतं."

मी टोचलं. तिनं हूं की चूं केलं नाही. तोंडानं सावकाश दहापर्यंत आकडे म्हणाली, मग म्हणाली, "आता काढ."

ती आमच्याकडे पाच दिवसांसाठी आली होती. माझी धाकटी बहीण पद्मजा तेव्हा मिरजेला दवाखान्यात होती. दुसऱ्या खेपेचा आठवा महिना, रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलेलं. तिचे यजमान भरतदाजी तिच्याजवळ. मग पोरगी कुणाकडे? आजोळी. आजोळ म्हणजे आम्ही दोघं नवराबायको, शिरोळ तालुक्यातलं मळ्यातलं घर आणि घरापासून शंभर पावलांवरचं गुऱ्हाळ. फेब्रुवारीचा महिना होता, गुऱ्हाळ भरात होतं.

चंदनाला पाचव्या वर्षी साखर निघाली होती. थोरामोठ्यांना होते ती नव्हे. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. ते बाहेरून द्यायचं, रोज सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. पद्मजानं हे सगळं मला पलंगावर पडल्या पडल्या समजावलं होतं. दोन बाटल्या दाखवल्या होत्या, एक पाण्यासारखी स्वच्छ, एक ताकासारखी गढूळ. "दादा, आधी स्वच्छ भरायचं, मग गढूळ. उलटं करायचं नाही. विसरलास तर चंदनाला विचार."

"तिला?"

"तिला सगळं येतं. भरणं आणि टोचणं तेवढं मोठ्यांचं. बाकी ती बघते."

मी मान हलवली होती. ऐकलं होतं, पण मनात काही उतरलं नव्हतं.

त्याच मंगळवारी दुपारी ती गुऱ्हाळावर कामगारांच्या पोरींबरोबर पिळलेल्या उसाचं चिप्पाड उडवत शिवाशिवी खेळत होती. खेळता खेळता मधेच थांबली. तिच्यावर राज्य होतं. पोरी ओरडायला लागल्या. ती म्हणाली, "थांबा, माझी साखर उतरलीय," आणि सरळ माझ्याकडे आली. ओठांवर घाम होता. तिथंच बसून तिनं डबीतून छोटं यंत्र काढलं, बोटाच्या कडेला टोचून घेतलं, पट्टीवर रक्ताचा थेंब लावला. आकडा आला चौसष्ट.

"मामा, गुळाचा खडा दे. सुपारीएवढा."

मला केवढा आनंद झाला! आजवर या पोरीला मला गूळ म्हणून देता आला नव्हता. साच्यातून नुकताच काढलेला, अजून कोमट असलेला मूठभर गूळ मी तिच्यापुढं केला. तिनं त्यातला सुपारीएवढा तोडला, बाकीचा माझ्या हातावर परत ठेवला.

"घे की सगळा."

"नाही. एवढाच. आता पंधरा मिनिटं थांबायचं आणि परत बघायचं."

आणि ती थांबली. माझा हात आपल्या मांडीवर घेऊन माझ्या मनगटावरचं घड्याळ बघत, भिंतीला टेकून. समोर गुळाच्या ढेपा लागलेल्या. पोरी काकवी चाटत तिच्यापुढून पळत होत्या. पंधरा मिनिटांत तिनं एकदाही त्या ढेपांकडे हात नेला नाही. परत बोट टोचलं. अठ्ठ्याण्णव. "झालं," म्हणाली, आणि राज्य घ्यायला पळाली.

मला तेव्हा तिचं कौतुक वाटायला हवं होतं. मला दया आली. आणि दया आली की माणूस काय करील याचा नेम नाही.

संध्याकाळी विमलनं, माझ्या बायकोनं, तिला आंघोळ घातली आणि डोळे पुसतच बाहेर आली. "अहो, पोटावर, मांड्यांवर नुसत्या निळ्या खुणा आहेत हो लेकराच्या. किती टोचायचं ते एवढ्याशा अंगाला."

मी त्या रात्री जेवलो नाही.

नदीपलीकडे एक म्हातारे होते, अण्णूतात्या. साखरेवर मुळीची पूड द्यायचे. विमलच्या काकांची साखर त्यांच्या पुडीनं खाली आली होती, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. काका साठीचे होते, त्यांची साखर निराळी होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बुधवारी दुपारी मी मोटारसायकल काढली.

तात्या भला माणूस. कुणाकडून काही घ्यायचा नाही. वय विचारलं. मी सात सांगितलं, तसा म्हणाला, "पोरांना मी देत नाही. पोरांचं मला ठावं न्हाई."

"तात्या, रोज दोनदा टोचतोय तिला. बघवत नाही. द्या."

मी पाया पडलो. शेवटी त्यानं पुड्या बांधल्या. "सुई आणि पूड दोन्ही नको एकदम. एकच काय ते करा."

गुरुवारी सकाळी विमल डबा घेऊन पद्मजाकडे मिरजेला गेली. मी तेवढ्याचीच वाट बघत होतो. फ्रिजच्या दारातला बाटल्यांचा डबा काढून मी पिशवीत घातला. चंदना बोट टोचून, आकडा वाचून, मांडी घालून बसली होती.

"आज सुई नाही," मी म्हणालो. "आईचा फोन आला होता. सुई बंद, आजपासून हे औषध."

तिनं माझ्याकडे बघितलं. "आईनं सांगितलं?"

"हो."

"मला बोलू दे आईशी."

"आई झोपलीय आता."

पूड कडू होती. तिनं तोंड वाकडं करून, पाण्याबरोबर ती गिळली. मग भाकरी-भाजी खाल्ली. मी पिशवी उचलली आणि गुऱ्हाळावर गेलो. पिशवी खुंटीला अडकवली. मला हलकं वाटत होतं. खरंच सांगतो, पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

दुपारी तीनचा सुमार असेल. काहील ऐन रंगात आली होती. पाक गोळीबंद व्हायला आला की क्षणाचाही उशीर चालत नाही. मी आणि आमचा गुळव्या कलगोंडा, दोघंही फावडी घेऊन उभे. तेवढ्यात धुरातून चंदना येताना दिसली. एका हातात पाण्याची बाटली, एका हातात तिची डबी. चालत होती नेहमीसारखीच, फक्त हळू. गाल लालबुंद झाले होते आणि ओठ सुकले होते.

"मामा, इकडं ये."

"थांब गं, काहील उतरायचीय."

"नाही. आत्ता ये."

त्या आवाजात काय होतं ते सांगता येत नाही. मी फावडं कलगोंडाच्या हातात दिलं.

तिनं मला उसाच्या मोळीवर बसवलं आणि माझ्यापुढं उभी राहिली. "दहा वाजता आकडा दोनशे नव्वद होता. बारा वाजता साडेतीनशे. आत्ता चारशे बारा आहे. मी पाच वेळा शूला गेले. मग लघवीची पट्टी बघितली." तिनं डबी उघडली. आत कागदाची एक बारीक पट्टी होती. टोक गर्द जांभळं. "ही गुलाबी झाली तरी सांगायचं असतं. ही जांभळी झालीय."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे आता पोटात दुखायला लागेल. मला थोडं लागलंयसुद्धा. मग उलटी होईल. मग मला झोप येईल, आणि मग तू उठवलंस तरी मी उठणार नाही. पहिल्या वेळेला तसंच झालं होतं. ते व्हायच्या आधी मोठ्या माणसाला सांगायचं असतं. म्हणून आले."

माझ्या मागं काहील रटरटत होती. कलगोंडा मला हाका मारत होता.

"चंदना," मी म्हणालो, "आईचा फोन आला नव्हता."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"आई असं कधीच सांगणार नाही. पण मोठ्या माणसाला खोटारडा म्हणायचं नसतं. म्हणून मी मशीनला विचारत होते. तीनदा विचारलं. मशीननं पण तेच सांगितलं."

मी उठलो आणि खुंटीवरची पिशवी ओढली. डबा उघडून बाटल्या तिच्यापुढं धरल्या. तिनं दोन्ही हातांत घेतल्या, गालाला लावल्या.

"गरम आहेत."

खुंटी चुलवणाच्या भिंतीला होती. सकाळपासून तिथं धग लागत होती.

"गरम झालेली चालत नाही," ती म्हणाली.

मी खाली बसलो. चाळीस माणसांना कामाला लावणारा माणूस मी, पोरासारखा रडायला लागलो. तिनं माझा खांदा धरून हलवला.

"मामा, रडू नको. आई नेहमी दोन जोड्या देते. एक तुला दिली, एक मामीला. लाइट गेली तर म्हणून मामीनं ती माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलीय. चल."

आम्ही घराकडे निघालो. मी तिला उचलून घेतलं होतं, तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, गोडसर, नासलेल्या फळासारखा वास येत होता त्याला. अर्ध्या वाटेत मला एकदम प्रश्न पडला. औषध घरात होतं, जागा तिला ठाऊक होती, मग दुपारभर ही पोर थांबली कशाला?

"तू घेतलं का नाहीस गं? तुला येत नाही का टोचायला?"

"येतं. संत्र्यावर केलंय, बाहुलीवर केलंय. पण मोठं माणूस बघत असल्याशिवाय सुई घ्यायची नाही, असा नियम आहे." आणि मग अगदी साधेपणानं, "घरात तूच होतास ना."

आजही, वीस वर्षांनंतर, ते वाक्य मला कुठंही गाठतं. शेतात पाणी पाजताना, देवळात दर्शनाला उभा असताना. मी तिच्याशी खोटं बोललो होतो हे तिला माहीत होतं. औषध मीच लपवलंय हेही तिनं ओळखलं असणार. तरी ती माझ्याकडेच चालत आली. कारण नियमात मोठं माणूस लागत होतं आणि मी मोठा होतो.

घरातल्या फोनला तेव्हा मी कुलूप लावायचो. किल्ली माझ्या करगोट्याला. कुलूप काढलं तर तिनंच नंबर सांगितला, तिच्या डॉक्टर देशिंगकर मॅडमचा, न अडखळता. पद्मजा होती त्याच दवाखान्यात त्या होत्या. मी मॅडमना सगळं सांगितलं. पुडीसुद्धा. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "फक्त स्वच्छ भरा, गढूळ नको." डोस सांगितला. "पाणी पाजत राहा आणि तसेच निघा. मी दवाखान्यातच आहे. चंदनाला द्या फोन."

तिनं फोन कानाला लावला. "हो मॅडम. जांभळी. हो. पोटात थोडं. नाही, उलटी नाही. हो, आहे ना मोठं माणूस."

मी सिरिंज भरायला घेतली. दोन दिवस जमलं होतं, त्या दिवशी जमेना. हात असा लटलटत होता की सुई बाटलीच्या बुचाला लागेना. तिनं बाटली धरली, मी भरलं. तिनं रेघ तपासली. "बरोबर आहे." मग माझ्या हाताकडे बघितलं.

"तू माझ्या हातावर हात ठेव," ती म्हणाली. "टोचते मी."

आपल्याच हातानं खरी सुई घ्यायची तिची ती पहिली वेळ. तिनं पोटावरची कातडी डाव्या हातानं धरली, उजव्या हातात सिरिंज. त्या मुठीवर माझी भाजलेली, राकट मूठ. एक मोठा श्वास घेतला. तिचा हात थरथरला नाही. माझा थरथरत होता, म्हणून तिनं अंगठा दाबायच्या आधी क्षणभर थांबून माझा हात स्थिर होऊ दिला. मग दाबलं. एक, दोन, तीन करत दहापर्यंत मोजलं.

आम्ही मंडपातली मंगल पूजा पाहतो, मुनिमहाराजांचे उपास पाहतो, आणि हात जोडतो. मी त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून एका दात पडलेल्या पोरीपुढं मनातल्या मनात हात जोडले.

गुळाचा टेम्पो दारात उभा होता. तिला शेजारी बसवून मी मिरजेची वाट धरली. काहील करपली की उतरली, मागं वळून बघितलं नाही. वाटेत दर दोन-चार मिनिटांनी ती बाटलीतून दोन घोट घ्यायची. एकदा उलटी झाली. तोंड पुसून म्हणाली, "ही एक मोजून ठेव, मॅडम विचारतील." अंकली पुलाच्या अलीकडं तिचे डोळे मिटायला लागले, तसा मी घाबरून ओरडलो, "चंदना, पाढे म्हण!"

"कितीचा?"

"तुला येईल तो."

तिनं सातचा म्हटला. सात सक बेचाळीसला अडखळली, परत पहिल्यापासून सुरू केला. पूल गेला, रेल्वे फाटक गेलं. सातचा पाढा पाच वेळा म्हणून झाला तेव्हा दवाखाना आला.

मॅडम दारात उभ्या होत्या. सलाइन लावलं. तास-तासाला रक्त बघत होते. दिवेलागणीला मॅडम बाहेर आल्या. "वळलीय गाडी. अजून चार तास उशीर केला असतात तर निराळं बोलावं लागलं असतं," एवढं बोलून आत गेल्या.

नर्स चंदनाला विचारत होती, "सकाळचं इंजेक्शन कसं चुकलं गं बाळ?"

चंदनानं दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. "मामा सांगेल," म्हणाली आणि डोळे मिटले.

मी जिना चढून वर पद्मजाकडे गेलो. विमल तिथंच होती, दाजीही होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तात्या, पुडी, फोन आल्याची थाप, चुलवणाची धग. काही गाळलं नाही. विमल तोंडात पदर धरून मटकन खाली बसली. दाजी धावतच खाली लेकीकडे गेले. पद्मजा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी तिला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेत नेलं होतं, तीच ती बहीण. तिच्या पाठीकडे बघत किती वेळ उभा होतो कोण जाणे.

रात्र मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढली.

सकाळी आत डोकावलो. चंदना उठून बसली होती, सलाइन काढलेलं. बोट टोचून झालं होतं. "एकशे बावन्न," मला बघून तिनं सांगितलं. पद्मजाला चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं होतं, मॅडमनी पाच मिनिटांची परवानगी दिली होती. तिनं लेकीचा हात घट्ट धरून ठेवला होता. माझ्याकडे बघितलं नाही. नर्स ट्रे घेऊन आली. दाजी पुढं झाले.

"मामा देईल," चंदना म्हणाली.

दाजींनी पद्मजाकडे बघितलं. पद्मजा लेकीकडे बघत होती.

"काल त्याचा हात कापत होता," चंदना आईला समजावून सांगायला लागली. "आज नाही दिला तर त्याला परत कधीच जमणार नाही. मी बघते ना रेघ."

दाजी बाजूला झाले. मी हात धुतले, कोपरापर्यंत. बाटल्या उचलल्या. आधी स्वच्छ, मग गढूळ. सिरिंज तिच्यापुढं धरली. तिनं एक डोळा बारीक करून बघितलं आणि मान हलवली. शुक्रवार होता, उजवी मांडी. तिनं कातडी धरली. मी टोचलं. तिच्याबरोबर मीही मोजलं, दोघांनी मिळून, दहापर्यंत.

सुई काढली. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि बाहेर जायला वळलो.

"दादा," पद्मजा म्हणाली. "आता वीस मिनिटं थांबायचं. मग दूध द्यायचं तिला. कोमट दे, गरम ती पीत नाही."